हॉब्जकाकूंचं पान

आठवडाभर आमच्या घरात फोडणी बंद असायची. कोटांना वास लागतो आणि सोमवारी बाबांच्या ऑफिसात लोक नाक मुरडतात, असं आईचं म्हणणं. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार आम्ही वरण-भात, दही-भात आणि ब्रेड यांवर निमूटपणे जगायचो. शनिवारी दुपारी मात्र ती सगळ्यांचे कोट वरच्या मजल्यावरच्या कपाटात कोंडायची, दार लावून घ्यायची, भर थंडीतही स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि थालीपिठं लावायला बसायची. साताऱ्याहून आलेली भाजणी दिवाळीपर्यंतही पुरत नसे. मग मक्याचं पीठ, गव्हाचं पीठ, भरडलेले ओट्स असं जे हाताला लागेल ते भाजून ती आपली भाजणी करायची आणि पहिलं थालीपीठ तव्यावरून उतरलं की वैतागून म्हणायची, "छे, ह्याला खमंगपणा म्हणून नाहीच." तरी आम्ही चार-चार खायचो. त्या थालीपिठाचा तुकडा आजही माझ्या तोंडात येतो, आणि त्याच्यामागून टाइपरायटरचा आवाज येतो, कारण ती दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच खोलीत चालायची. आई तव्याशी, मी टेबलाशी, बाबा माझ्या डाव्या खांद्यामागे उभे, आणि समोरच्या खुर्चीत हॉब्जकाकू.

ही मिशिगनमधल्या नोव्हायची गोष्ट. आजच्या नोव्हायची नव्हे, जिथे मला भर दुपारी कढीपत्ता मिळतो आणि रांगेत पुढे-मागे पुण्याची मुलं उभी असतात. तेव्हा आमच्या रस्त्यावर सहा घरं होती आणि पलीकडे मक्याचं शेत. बाबा एका कार कंपनीत इंजिनिअर होते. मी सातवीपर्यंत साताऱ्यात आजीकडे राहून शिकले आणि मग आई-बाबांकडे आले होते, त्यामुळे माझं मराठी टिकलं आणि इंग्रजी कायम जरा इस्त्री केल्यासारखं राहिलं. माझा भाऊ अमोल पाच वर्षांचा, इथेच जन्मलेला. त्याला मराठीत काहीही विचारा, उत्तर इंग्रजीत.

मिसेस हॉब्ज आमच्यापासून तिसऱ्या घरात एकट्या राहायच्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, पायांत पुरुषी बूट. वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची नाही, मग ती कुठल्या का देशाची असेना, असं आईने पहिल्याच आठवड्यात बजावलं, आणि त्या आमच्या घरापुरत्या हॉब्जकाकू झाल्या. त्यांच्या डोळ्यांना मधला भाग दिसेनासा झाला होता. कडेकडेचं दिसायचं, त्यामुळे त्या बोलताना माणसाकडे न बघता त्याच्या कानाकडे बघितल्यासारख्या बघायच्या. गाडी चालवणं बंद झालं होतं, वाचन बंद झालं होतं. आणि वाचन बंद होणं त्यांना परवडणारं नव्हतं, कारण त्यांच्या जेवणघरात एकोणीस खोकी होती.

त्या खोक्यांत त्यांचे पणजोबा होते. म्हणजे त्यांच्या आईच्या आईचे वडील, जोसाया पेल्टन. न्यूयॉर्ककडून कालव्याने आणि मग तलावातल्या बोटीने डेट्रॉइटपर्यंत आणि तिथून बैलगाडीने दलदल तुडवत हा माणूस आमच्या त्या भागात आला, तेव्हा इथे रस्ता तर सोडाच, पायवाटही धड नव्हती. गाडी चिखलात रुतली की सामान उतरवायचं, गाडी काढायची, सामान परत चढवायचं, आणि पन्नास पावलांवर पुन्हा तेच. ओकची झाडं तोडून त्याने ओंडक्यांचं घर बांधलं. पहिले दोन उन्हाळे घरातलं प्रत्येक माणूस दिवसाआड थंडीतापाने कुडकुडायचं, म्हणून स्वयंपाकाच्या पाळ्या तापाच्या पाळ्यांवरून ठरायच्या. त्याच्या बायकोचं नाव थँकफुल. हे ऐकून आई तवा सोडून हसली होती. "आभारी? आणि एवढं सगळं सोसून वर आभारी!" थँकफुलची पत्रं होती खोक्यांत, फिक्या तपकिरी शाईची, आणि त्यांत सारखं थकल्याचं लिहिलेलं असायचं. आज फार थकले. काल फार थकले होते. पोरगी रांगत चुलीपाशी गेली, उठून आणायची ताकद नव्हती, नुसती ओरडले. त्यांच्या आधी त्या जमिनीवर इथले मूळ रहिवासी, पोटावाटोमी जमातीचे लोक होते. ते एका पत्रात एका ओळीत येतात आणि पुढच्या ओळीत गेलेले असतात. मी ती ओळ टाइप केली आणि पुढे गेले. त्या वयात मला त्यात काही खटकलं नाही, हे लिहून ठेवते.

हॉब्जकाकूंनी तीस वर्षं हे सगळं गोळा केलं होतं. प्रत्येक काउंटीतल्या कचेऱ्या धुंडाळल्या होत्या, स्मशानांतले दगड तारेच्या ब्रशने घासून नावं उतरवून घेतली होती. कारणही तसंच होतं. जोसायाच्या जुन्या शेताच्या कोपऱ्यात पेल्टन घराण्याचं स्वतःचं छोटं दफनस्थान होतं, लोखंडी कुंपणातलं. तिथे हॉब्जकाकूंची आई होती, आजी होती. नवरा ओहायोत त्याच्या माणसांत पुरलेला, मूलबाळ नाही. त्यांना शेवटी आईच्या पायथ्याशी जायचं होतं, एवढीच त्यांची या जगाकडे मागणी उरली होती. पण जागा तीनच शिल्लक होत्या आणि मागणारे पुष्कळ. दर ऑगस्टला पेल्टन मंडळींचा मेळावा भरायचा. त्यात भांडणं व्हायला लागली, तेव्हा हॉब्जकाकूंनीच तोडगा सुचवला होता: घराण्याचं पुस्तक होऊ दे, ज्याचं नाव पुस्तकात असेल त्यालाच जागा मागण्याचा हक्क. सगळ्यांनी तो मान्य केला. आणि मग त्यांचे डोळे गेले.

आता आमचे बाबा. बाबांनी भारतातून येताना दोन बॅगांत जे काही आणलं त्यात आमच्या कुळाचा कुलवृत्तांत होता, कापडी बांधणीचा. त्यातल्या आमच्या शाखेची माहिती स्वतः बाबांनी जमवली होती, तरुणपणी, सायकलवरून गावोगाव फिरून. मूळ पुरुषापासूनच्या पिढ्या त्यांना पाढ्यांसारख्या पाठ. अमोल जन्मल्यावर त्यांनी वंशावळीत त्याचं नाव स्वतःच्या सुंदर अक्षरात घातलं होतं, आणि त्या नावाखाली एक रेघ काढून ती मोकळी सोडली होती, पुढच्यांसाठी. माझंही नाव होतं, बाजूला. त्याच्याखाली रेघ नव्हती. मला त्याचं वाईट वाटायचं असं म्हणणं खोटं ठरेल. घराच्या भिंतीला खिडकी नाही म्हणून कोणी रडतं का, भिंत आहे असंच वाटतं. तर अशा बाबांना हॉब्जकाकूंच्या खोक्यांबद्दल कळलं आणि त्यांना राहवेना. "मिसेस हॉब्ज, यू डोन्ट वरी. मला या कामाची पद्धत माहीत आहे," असं सांगून ते एकोणीसच्या एकोणीस खोकी आमच्या गाडीतून घरी घेऊन आले. आई दारात उभी राहून म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण. आपल्याला आपलं आवरत नाहीये इथे." पण बाबांचा चेहरा त्या दिवशी असा उजळलेला होता की तीही दारातून बाजूला झाली. कंपनीत त्यांना कोणी काही विचारायचं नाही. त्यांच्यानंतर आलेली गोरी मुलं बढती मिळून त्यांच्या वरच्या जागांवर गेली होती. या एका कामात ते जाणकार होते.

सबंध हिवाळा आम्ही ते काम केलं. बाबा अमोलला बरोबर घेऊन हॉब्जकाकूंना आणायला जायचे. बर्फातून त्या एक हात बाबांच्या कोपरात घालून यायच्या आणि अमोल पुढे पळत ओरडायचा, "काकू इज हिअर!" त्यांना वाटायचं हे त्यानेच ठेवलेलं लाडाचं नाव आहे आणि त्या खूश व्हायच्या. थालीपीठ त्यांना आवडायचं, वर लोण्याऐवजी मेपल सिरप घालून. आई ते बघायची नाही, पाठ फिरवून उभी राहायची. मग त्या एकेक कागद हातात घेऊन बोटांनी चाचपायच्या, कागदाच्या जाडीवरून कुठलं पत्र ते ओळखायच्या, मी मोठ्याने वाचायचे, त्या खुलासे करायच्या, बाबा टिपून घ्यायचे. आठवडाभरात बाबा त्याचा कच्चा मजकूर करायचे आणि मी शाळेतून येऊन तो टाइप करायचे. ऑफिसातून भंगारात निघालेला विजेचा टाइपरायटर होता, चालू केला की टेबल थरथरायचं आणि बशीतला चमचा वाजायचा. माझे खांदे भरून यायचे. थँकफुलसारखं मीही वहीच्या मागे एकदा लिहिलं होतं, आज फार थकले. पण हेही खरं की त्या हिवाळ्याइतकी मी नंतर कुठल्याच घरात कामाची माणूस वाटले नाही.

फेब्रुवारीत वंशावळीचे तक्ते आले. बाबांनी ते ड्रॉइंग बोर्डवर काढले होते, कंपनीच्या नकाशांसारखे रेखीव. सगळ्यांत वर जोसाया आणि थँकफुल. त्याखाली चार मुलगे, आणि प्रत्येकाखाली त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, असं उतरत आजच्या पोरांपर्यंत. शेवटी प्रत्येक शाखेतल्या माणसांची एकेक पान माहिती. मुलींची नावं बाजूला, कोणाला दिली ते गाव घालून, आणि तिथे संपलं. जोसायाच्या तीन मुली. मर्सी, म्हणजे ओंडक्यांच्या घरात जन्मलेलं पहिलं मूल, पत्रातली ती चुलीकडे रांगणारी पोरगी. बाजूला लिहिलं होतं: मर्सी, विवाह, पुढे गावाचं नाव. मर्सीची एडिथ, एडिथची ऑलिव्ह म्हणजे आमच्या हॉब्जकाकू, यांतलं कोणीच नव्हतं. मी तक्ता दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग बाबांना म्हटलं, "बाबा, ह्यात हॉब्जकाकू नाहीयेत."

बाबा अमोलच्या बुटांची गाठ सोडवत होते. "त्या पेल्टन नाहीत," ते म्हणाले. "त्या हॉब्ज कुळातल्या. त्यांच्या पुस्तकात येतील."

"पण पुस्तक त्यांचंच आहे ना?"

"प्रस्तावनेत आभार मानलेत की. ठळक अक्षरात. मुलीकडून वंश धरायला लागलो तर पसारा आवरायचाच नाही, मीनल. पद्धत म्हणून काही असते." आणि गाठ सुटली म्हणून ते अमोलकडे बघून हसले.

यावर मी काय करायला हवं होतं हे आज मला कोणीही सांगू शकेल. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबांचं चुकतं आहे असं मला वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की बाबांना पद्धत माहीत आहे, मला काय कळतंय. दफनस्थानाच्या नियमाचं बाबांच्या कानावर आलेलं होतं, पण ते त्यांनी त्याच्याशी जोडलंच नाही. मी जोडलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याला काही कळत नव्हतं अशी सवलत मी पुष्कळदा स्वतःला देऊन पाहिली आहे आणि ती टिकत नाही.

पुढच्या शनिवारी सगळा मजकूर पुरा झाला होता. सोमवारी तो छपाईला जायचा होता. हॉब्जकाकू नेहमीच्या खुर्चीत बसल्या, थालीपिठाला हात लावला नाही, आणि म्हणाल्या, "आज माझं पान वाच." हे सगळं अर्थातच इंग्रजीत, पण माझ्या डोक्यात ते केव्हाच मराठी होऊन बसलं आहे. बाबा खिडकीपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही, अमोल त्यांना काहीतरी दाखवत होता. मी गठ्ठ्यातलं एक पान उचललं. ते वॉल्टर पेल्टनचं होतं, थोरल्या शाखेचा जो प्रमुख होता त्याचं. मी त्यावर नजर लावली आणि वाचायला लागले.

"मर्सी पेल्टन ही ओंडक्यांच्या घरात जन्मलेली पहिली मुलगी. तिला चालता येण्याआधी थंडीताप माहीत होता. आपल्या वडिलांच्या बैलांची नावं तिला म्हातारपणीही पाठ होती आणि नातवंडांना ती सांगायची. तिची मुलगी एडिथ शाळेत शिकवायची आणि हिवाळ्यात मुलांच्या आधी जाऊन शेगडी पेटवायची. एडिथची मुलगी ऑलिव्ह. तिने या घराण्याचे सगळे दगड स्वतःच्या हातांनी घासले. ती नसती तर यांतल्या कोणाचंही नाव कोणाला वाचता आलं नसतं."

सुचेल तसं मी वाचत गेले. पाच महिने त्या बाईच्या समोर बसून जे ऐकलं होतं ते सगळं आपसूक येत होतं. बैलांचं तेवढं माझ्या पदरचं. ते का घातलं कोण जाणे, ओघात आलं. हॉब्जकाकू माझ्या कानाकडे बघत ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी टेबलावरचा एक कागद बोटांनी चाचपला. मग म्हणाल्या, "बैलांचं कुठे मिळालं तुला?"

"एका पत्रात," मी म्हटलं.

"असेल," त्या म्हणाल्या, आणि थालीपिठाकडे हात नेला.

मागच्या वर्षी इथल्या मंडळातल्या मुलांनी आम्हा जुन्या लोकांचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि निवेदन करणारी नागपूरची मुलगी माइकवरून म्हणाली, "मीनलकाकू म्हणजे आपल्या पायोनियर, यार, तेव्हा इथे काहीच नव्हतं!" मला हसूही आलं आणि कंटाळाही. इथे पुष्कळ काही होतं. आपल्या आधी काही नव्हतं असं म्हटल्याशिवाय पायोनियर होता येत नाही, एवढंच. खाली आल्यावर तिने विचारलं, काकू, स्मरणिकेसाठी तुमच्या फॅमिलीबद्दल अर्धं पान देता का? देते म्हटलं आणि दिलं नाही. लोकांची पानं लिहिण्याचा माझा अनुभव चांगला नाही.

पुस्तक छापून आलं त्या ऑगस्टचा पेल्टनांचा मेळावा शेतावरच भरला. झाडाखाली लांब टेबलं, बटाट्याचं थंड सॅलड, मक्याची कणसं, बर्फात घातलेले कलिंगडाचे काप. आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. आईने नेसायला इरकल काढली होती आणि मोठं पातेलं भरून मसालेभात नेला होता, त्याला शेवटपर्यंत कोणी हात लावला नाही. पुस्तकांचे गठ्ठे एका टेबलावर. बाबा कोट-टाय घालून त्या टेबलापाशी उभे, आणि माणसं येऊन त्यांचा हात हातात घेत होती. वॉल्टर पेल्टनने बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबांना इतकं आनंदात मी या देशात आधी पाहिलं नव्हतं. मग दफनस्थानाचा विषय निघाला आणि हॉब्जकाकू उभ्या राहिल्या. त्यांनी कुठलीही प्रस्तावना केली नाही. "मला आईच्या पायथ्याशी जागा हवी आहे. पुस्तकात बघा," एवढंच म्हणाल्या.

वॉल्टरने पानं उलटली. तो वाईट माणूस नव्हता, पण नियमाला चिकटणारा. पुन्हा उलटली. मग पुस्तक शेजारच्याकडे दिलं, त्याने पाहिलं. टेबलाच्या त्या टोकाला कुजबुज सुरू झाली. "ऑलिव्ह," वॉल्टर म्हणाला, "तू ह्यात नाहीस."

"आहे. मला वाचून दाखवलंय."

"नाहीस, ऑलिव्ह. आभारांत आहेस, पण तक्त्यात नाहीस, घराण्याच्या पानांतही नाहीस. आणि नियम तुझाच आहे."

सगळे आमच्याकडे बघायला लागले. मी आईच्या पदराआड जाण्याइतकी लहान नव्हते, तरी गेले. बाबा पुढे झाले. त्यांना अजूनही काही बिघडलं आहे असं वाटत नव्हतं. त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली, आमच्याकडे पद्धत अशी आहे, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाते, तिची नोंद तिथे होते, शास्त्रशुद्ध वंशावळ अशीच करतात. आवाजात तोच सकाळचा आनंद. ऐकणाऱ्यांपैकी दोन-तीन बायका जागच्या उठल्या. हॉब्जकाकूंनी बाबांना पुरं बोलू दिलं.

"हॉब्ज लोकांचं पुस्तक नाहीये, मिस्टर विनायक," त्या म्हणाल्या. "आणि मी जन्मले तेव्हा हॉब्ज मला ओळखतही नव्हते."

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. हॉब्जकाकू वळल्या आणि कडेच्या नजरेने मला शोधायला लागल्या. सापडले की नाही माहीत नाही. "मुली, तू मला काय वाचून दाखवलंस?" असं त्यांनी हवेतच विचारलं. मी आईचा पदर आणखी ओढून घेतला. आजही कधी कधी भांडी घासताना ते वाक्य मला ऐकू येतं आणि मी नळ मोठा करते.

घरी आल्यावर आई मसालेभाताचं पातेलं ओट्यावर आदळून म्हणाली, "करायला गेले गणपती आणि झाला मारुती." बाबा म्हणाले, "चूक माझी नाही. पद्धतच तशी आहे." आई म्हणाली, "पद्धत तशी आहे ते मला सांगू नका. माझं माहेरचं नावसुद्धा कंसात आहे तुमच्या त्या पुस्तकात." आणि ती वर निघून गेली. बाबा बराच वेळ टेबलाशी बसले आणि पुस्तकाची पानं एकेक करून बघत राहिले, जणू त्यात तांत्रिक दोष सापडेल. पुढचे तीन शनिवार हॉब्जकाकूंची खुर्ची रिकामी राहिली. बाबा दर शनिवारी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत यायचे. दार उघडायचं नाही. आईने थालीपिठं लावणं सोडून दिलं.

चौथ्या शनिवारी मी एकटी गेले. मला कोणी पाठवलं नव्हतं आणि माझ्यात धैर्य आलं होतं असंही नाही. खोटं वागवून वागवून मी दमले होते, ते कुठेतरी उतरवायचं होतं. त्यांनी दार उघडलं. मी दारातच उभी राहून रडत सगळं सांगितलं, की पान नव्हतंच, मी वॉल्टरचं पान हातात धरून मनाने वाचलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला तेव्हाच शंका आली होती. तुझ्या बाबांच्या मजकुरात दर ओळीत तारीख असते. त्यात एकही नव्हती." "मी विचारलं नाही," त्या पुढे म्हणाल्या, "कारण ते फार चांगलं होतं आणि मला ते खरं हवं होतं. चल, टाइपरायटर चालू कर. जे वाचलंस तेच लिही. शब्द न शब्द."

"बैलांचं पण?"

"तेही."

त्या माझ्याबरोबर घरी आल्या. त्यांना दारात पाहताच बाबा उठून उभे राहिले. मी बसून आठवत आठवत, मोठ्याने म्हणत टाइप केलं, त्या मध्येच "नाही, 'पेटवायची', 'लावायची' नाही" असं करत राहिल्या. त्यांना सगळं पाठ होतं. बाबांनी शेजारी बोर्ड मांडला आणि तक्ता नवीन काढायला घेतला. मर्सीच्या नावाखाली रेघ ओढताना त्यांचा हात थांबला, पट्टी पुन्हा लावली, आणि मग त्यांनी ती ओढली. बाकीच्या मुलींच्याही ओढल्या. त्या शाखा भरायला आम्हाला आणखी महिना लागला.

मग त्या पानांचं वाटप. पुस्तकं घरोघर गेलेली. प्रत्येक प्रतीत नवा तक्ता आणि नवं पान बसलं पाहिजे, एकही प्रत चुकीची राहता कामा नये, असं बाबांनी ठरवलं. त्या बाबतीत ते पक्के इंजिनिअर होते. पुढचे सगळे शनिवार-रविवार ते आणि मी गाडी घेऊन फिरलो, मागच्या सीटवर कागद, गोंदाची बाटली आणि आईने दिलेला चिवडा. बेल वाजवायची, बाबा टोपी काढून म्हणायचे, "माझ्याकडून एक चूक झाली आहे, दुरुस्त करायला आलोय." 'माझ्याकडून' म्हणायचे, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग अनोळखी लोकांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही पान चिकटवायचो. काहींनी कॉफी दिली. एका म्हाताऱ्याने पुस्तक दारातूनच हातात दिलं आणि आम्ही पायरीवर बसून, गार वाऱ्यात, बोटं बधिर होत असताना ते काम केलं. शेवटचं घर वॉल्टरचं. त्याने नवं पान उभ्याउभ्याच वाचलं, चष्मा काढला, पुसला. "आता ती पुस्तकात आहे," तो म्हणाला. विषय तिथे मिटला.

हॉब्जकाकू त्यानंतर आलेल्या हिवाळ्याच्या शेवटी गेल्या. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही. जमीन गोठलेली होती, म्हणून बर्फ वितळेपर्यंत थांबावं लागलं आणि एप्रिलमध्ये त्यांना त्यांच्या आईच्या पायथ्याशी पुरलं. चिखल इतका होता की गाड्या रस्त्यावरच सोडून चालत जावं लागलं. पेल्टन मंडळी पुष्कळ आली होती. पाद्रींचं झाल्यावर वॉल्टर पुढे झाला, खिशातून पुस्तक काढलं आणि ते पान वाचलं. बैलांच्या ओळीला एक-दोन माणसं डोळे पुसत हसली. ती ओळ आता खरीच झाली आहे. पेल्टनांच्या कुठल्याशा पणतीने ती इंटरनेटवर घातलेली मी मध्यंतरी पाहिली, खाली लिहिलं होतं, कौटुंबिक आठवण. मी ती दुरुस्त केलेली नाही.

परत येऊन आम्ही गाडीत बसलो. आई आणि अमोल घरी होते. बाबांच्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल. त्यांनी किल्ली लावली पण फिरवली नाही.

"मीनल," ते म्हणाले, "तू त्यांना ते वाचून दाखवलंस, तेव्हा पान नाहीये हे तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

इतके महिने तो एक प्रसंग माझ्या छातीवर बसलेला होता. त्यांचा प्रत्येक शब्द मला पाठ होता.

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही अमोलच्या बुटाची गाठ सोडवत होतात. तुम्ही म्हणालात, त्या पेल्टन नाहीत, त्या हॉब्ज कुळातल्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. कपाळाला आठ्या घालून त्यांनी मनापासून आठवायचा प्रयत्न केला. मला ते दिसत होतं.

"मला नाही आठवत," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

बाबा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच आठवत नव्हतं.